शुश्रूषागृह : रात्रपाळी, इन्सुलिनची सुई आणि जाळीच्या दाराची किल्ली

अंथरुणाला खिळलेल्या किंवा सतत देखभाल लागणाऱ्या ज्येष्ठांना ठेवून घेणाऱ्या निवासी केंद्रांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. नातेवाईक, विश्वस्त, सिस्टर, व्यवस्थापक अशा सगळ्यांची पत्रं आली. त्यांतली निवडक इथे थोडक्यात घेतली आहेत. उत्तरं देणारे शुश्रूषा आणि केंद्राचं व्यवस्थापन या कामातले आहेत.

प्रश्न : आमच्या न्यासाचं ३० खाटांचं केंद्र आहे. १२ जण पूर्ण अंथरुणावर, १० जणांना आधार लागतो, ८ जण हिंडते-फिरते. दिवसा चार मावशी आणि एक सिस्टर, रात्री एक मावशी. माणसं कमी पडतात असं सिस्टर म्हणतात. खाटांच्या मानाने पुरेशी आहेत असं बाकीचे विश्वस्त म्हणतात. नेमकी किती माणसं हवीत?
— एक विश्वस्त, सातारा

उत्तर : खाटा मोजल्या की हिशेब नेहमी सोयीचा निघतो. कामाचे तास मोजा. अंथरुणावरच्या एका माणसामागे दिवसभरात काय करावं लागतं ते मांडून पाहा. दर दोन तासांनी कूस बदलणं म्हणजे दिवसाला १२ वेळा, दोघींची तीन-तीन मिनिटं : ७२ मिनिटं. डायपर पाच वेळा, आठ मिनिटांप्रमाणे : ४०. अंग पुसणं : ३०. तीन वेळचं भरवणं, घाई न करता, २५ मिनिटांप्रमाणे : ७५. तोंड साफ करणं, कपडे, चादर : २०. बेरीज २३७ मिनिटं, म्हणजे चार तासांना तीनच मिनिटं कमी. आधाराने चालणाऱ्यामागे दोन तास आणि हिंडत्या-फिरत्यामागे पाऊण तास धरा. तुमच्याकडे ४८ अधिक २० अधिक ६, असे रोजचे ७४ तास झाले. आठ तासांच्या पाळीत चहा-जेवण वजा जाता साडेसात तास हाती लागतात. म्हणजे रोजच्या दहा पाळ्या : सकाळी चार, दुपारी चार, रात्री दोन.

दहा पाळ्यांना दहा माणसं नेमली की भागलं असं वाटतं, आणि मेख तिथेच आहे. आठवड्याला ४८ तासांप्रमाणे एक माणूस वर्षाला २,४९६ तास भरतो. रजा, सण, आजारपण मिळून ३७ दिवस, म्हणजे २९६ तास वजा केले की २,२०० उरतात. रोज दहा पाळ्या म्हणजे वर्षाला २९,२०० तास. भागाकार १३.३ येतो, चौदा माणसं नेमावी लागतील. याच हिशेबाने चोवीस तास एक सिस्टर हवी असेल तर ८,७६० भागिले २,२००, म्हणजे चार सिस्टर. स्वयंपाक, धुणं, झाडलोट यात धरलेली नाही. मावशींना भांडी घासायला लावत असाल तर ते तास वर चढवा.

हा आकडा पाहून विश्वस्तांना घाम फुटेल, पण तो उदार नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२४ साली नर्सिंग होमसाठी (तिकडे याचा अर्थ अशीच निवासी शुश्रूषा केंद्रं) दर रहिवाशामागे रोज ३.४८ तासांची किमान मर्यादा घातली होती (पुढे तो नियम न्यायालयात टिकला नाही). ३० जणांना ते १०४ तास होतात. आपले मावशींचे ७४ आणि सिस्टरचे २४ मिळून ९८.

तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट रात्रीची आहे. एकट्या बाईला साठ-सत्तर किलोच्या माणसाची कूस उचलून बदलता येत नाही. मग ती ओढते, आणि ओढताना माकडहाडावरची कातडी आतल्या आत फाटते. किंवा ती कूस बदलतच नाही आणि सकाळी तक्त्यावर दर दोन तासांची सही एका दमात करते. दिवसा चार माणसं असूनही बेडसोअर (एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम) भरत का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या आठ तासांत असतं. आज पैसे एकाच माणसापुरते असतील तर तो माणूस रात्रीला द्या.

माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आठ ते आठ अशा बारा तासांच्या पाळीवर बायका घेतल्या तर कागदावर दोन-तृतीयांश माणसांत भागतं. पण आठवड्याचे सहा दिवस म्हणजे ७२ तास होतात, आणि दमलेल्या माणसाच्या चुका शेवटच्या तीन तासांत होतात. तो वेळ नेमका सकाळच्या आंघोळींचा किंवा रात्रीच्या जेवणाचा असतो. ब्युरोची माणसं महिन्याला बदलत असतील तर कुणाला कोणत्या बाजूने उठवायचं आणि कुणाला पातळ पाण्याने ठसका लागतो, हे दर महिन्याला नव्याने शिकवावं लागतं.

चौदा माणसं परवडणार नसतील तर दुसरा मार्ग उघड आहे : अंथरुणावरच्या रहिवाशांची संख्या आठावर थांबवायची. चार जण कमी म्हणजे रोजचे १६ तास कमी. रिकामी खाट ठेवून प्रवेश नाकारणं विश्वस्तांना जड जातं, पण हा निर्णय त्यांनीच घ्यायचा आहे. सिस्टरवर ढकलायचा नाही.

प्रश्न : आई (वय ८१) पहाटे न्हाणीघरापाशी पडली. तिथल्या मुलींनी काखेत हात घालून उचललं आणि पलंगावर निजवलं. आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळवलं. तेव्हा खुब्याचं हाड मोडल्याचं निघालं. पडल्यावर काय करायला हवं होतं? आणि आता पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावा असा आग्रह धरू का?
— नागपूर

उत्तर : पडलेल्या माणसाला लगेच उचलायचं नाही. ही एक गोष्ट सगळ्या मुलींच्या अंगवळणी पडली तरी बरंच नुकसान टळतं. जमिनीवरच उशी द्यायची, पांघरूण घालायचं आणि सिस्टरला हाक मारायची. शुद्ध आहे का, बोलणं नेहमीसारखं आहे का, दुखतंय कुठे, डोकं आपटलं का, हे बघायचं. मग दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहायचे. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल तर खुबा मोडला असं धरून चालायचं. अशा वेळी पाय सरळ करायला जाऊ नये, उभं करून बघू नये. १०८ ला फोन करावा आणि चौघांनी चादरीसकट सपाट उचलावं. असं काही नसेल तर आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग समोर ठेवलेल्या खुर्चीचा आधार घेऊन त्यांनाच उठू द्यावं. काखेत हात घालून ओढल्याने खांदा निखळतो, हे वेगळंच.

डोक्याला मार असेल आणि माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असेल (वॉरफेरिन, असेनोकुमारॉल, अ‍ॅपिक्साबान, क्लोपिडोग्रेल) तर हसत-बोलत असला तरी रुग्णालयात न्यावं. कवटीतला रक्तस्राव काही तासांनी डोकं वर काढतो. डॉक्टरांनी तपासून केंद्रातच ठेवायला सांगितलं तर पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाने आणि नंतर दर दोन तासांनी शुद्ध, बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, रक्तदाब लिहून ठेवायचा. झोपलेल्यालाही उठवून. नातेवाईकांना कळवायला तासाच्या वर वेळ लागू नये, मध्यरात्र असली तरी. संध्याकाळपर्यंत थांबणं क्षम्य नाही.

कठड्यांचा आग्रह मात्र धरू नका. स्मृती शाबूत असलेल्या आणि स्वतः उठू न शकणाऱ्याला कठडा उपयोगी पडतो. गोंधळलेला माणूस त्यावरून ओलांडायला जातो आणि दीड फुटाऐवजी तीन फुटांवरून पडतो. गादी आणि कठड्याच्या फटीत मान किंवा छाती अडकून जीव गेल्याच्याही घटना आहेत. त्याऐवजी पलंग शक्य तितका खाली आणा, रात्री बाजूला जाड गादी अंथरा आणि पहाटे पडण्याचं कारण शोधा. ते बहुधा लघवीचं असतं. फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी संध्याकाळी दिली जाते का, झोपेची गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना विचारा. निजलेला आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतला, असे दोन रक्तदाब घ्यायला सांगा. वरचा आकडा २० किंवा अधिकने उतरत असेल तर चक्कर तिथूनच येते. आई ज्या वेळी उठतात त्याच्या अर्धा तास आधी मावशीने स्वतःहून बाथरूमला नेणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय. त्यासाठी मावशी जागी हवी, म्हणजे पुन्हा वरच्या उत्तरातला हिशेब आला.

प्रश्न : आमच्याकडे नऊ जण इन्सुलिनवर आहेत. काहींची बाटली, काहींचं पेन. नवीन मुलीने एका आजोबांना डोस दिला आणि तासाभरात साखर ५२ वर आली. डोस तर बरोबर होता असं ती म्हणते.
— सिस्टर इन्चार्ज, नाशिक

उत्तर : सिरिंजच्या टोपणाचा रंग विचारा. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं : एका मिलीलिटरला ४० युनिटं आणि १०० युनिटं. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ‘१० युनिटां’च्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात जातात २५. पेन बिघडलं म्हणून त्याच्या काडतुसातून सिरिंजने ओढून घेतलं की नेमकं हेच होतं. काडतूस १०० चं असतं आणि हाताशी सिरिंज लाल. काडतुसातून सिरिंज भरायची नाही, हा नियमच करा. जादा पेन आणि सुया कपाटात ठेवा आणि केंद्रात एकाच प्रकारच्या सिरिंजा ठेवता येतात का ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

दुसरी शक्यता अशी की डोस बरोबर होता, पण जेवणाचा गाडा उशिरा आला. नऊ जणांना एका रांगेत टोचून घेतलं की शेवटच्याचं ताट येईपर्यंत पहिल्याची साखर उतरलेली असते. ताट खोलीच्या दारात दिसल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन टोचू नका. साखर ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, चमचाभर मधसुद्धा नाही.

प्रश्न : विस्मरणाचे सात रहिवासी आहेत. दोनदा एक काका रस्त्यावर सापडले, म्हणून रात्री जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप लावतो. अग्निशमनच्या माणसाने आक्षेप घेतला. काका हरवले तरी दोष आमचाच. मग करायचं काय?
— व्यवस्थापक, ठाणे

उत्तर : आक्षेप योग्य आहे आणि तुमची अडचणही खरी आहे. किल्ली कुठे असते ते आधी सांगा. बहुतेक ठिकाणी ती वॉचमनकडे असते, आणि वॉचमन तळमजल्यावर, दाराच्या चुकीच्या बाजूला. कुलूप काढून आतून हाताने फिरणारी कडी बसवा, खांद्याच्या उंचीच्या वर, आणि दार उघडलं की सिस्टरच्या टेबलापाशी वाजेल असा चुंबकी गजर लावा. विस्मरणाच्या माणसाला वरची कडी सहसा सुचत नाही, कर्मचाऱ्याला अंधारात चाचपडून सापडते. असं दार करायच्या आधी अग्निशमन अधिकाऱ्याला दाखवून घ्या. ते होईपर्यंत कुलूप ठेवायचंच असेल तर रात्रपाळीच्या प्रत्येकाच्या गळ्यात किल्ली हवी; खिळ्याला टांगलेली चालणार नाही.

आग लागल्यावर सगळ्यांना खाली उतरवायचं, ही कल्पना सोडून द्या. अंथरुणावरच्या एका माणसाला चादरीवरून ओढत न्यायला दोघांना तीन मिनिटं लागतात. दहा जण म्हणजे अर्धा तास, आणि धूर तेवढा वेळ देत नाही. मजला मधोमध धूर अडवणाऱ्या दाराने विभागलेला असेल तर जळत्या भागातून पलीकडच्या भागात, त्याच मजल्यावर, आडवं सरकवायचं. आणि ज्या खोलीत आग नाही तिचं दार ओढून घ्यायचं. हे साधं दिसतं. स्कॉटलंडमधल्या रोझपार्क केअर होममध्ये ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे एका कपाटातल्या विजेच्या बिघाडातून आग लागली आणि १४ रहिवासी दगावले. गजर वाजला होता. कर्मचारी आग नेमकी कुठे आहे ते शोधत राहिले आणि बंबाला फोन नऊ मिनिटांनी गेला. बऱ्याच खोल्यांची दारं उघडी होती. म्हणून रात्रपाळीला एवढंच पाठ करून घ्या : गजर वाजला की एकीने १०१ लावायचा, दुसरीने दारं ओढत जायचं. खात्री करून मग फोन, असं नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते असतंच बहुतेकांकडे. पण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) चालू असलेल्या खोलीत समई किंवा उदबत्ती पेटवली जाते का, हे त्या कागदात येत नाही. देवघर त्या खोलीतून हलवा किंवा विजेचा दिवा लावा. तीन मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील तर तेही आजच सोडवा.

प्रश्न : बाबांसाठी पुण्यात केंद्र बघतोय. दोन आठवड्यांसाठी येणार आहे. एका ठिकाणी सगळीकडे कॅमेरे आहेत आणि फोनवर थेट दिसतं. तेच घ्यावं असं वाटतं.
— न्यू जर्सी

उत्तर : कॅमेऱ्याने पडताना दिसतं, पडणं थांबत नाही. न सांगता दोनदा जा : एकदा रविवारी दुपारी, एकदा रात्री नऊनंतर. दारातच अडवलं तर उत्तर मिळालं. चालू महिन्याचा पाळीपत्रक मागा. छापील नको, भिंतीवर लावलेला, खाडाखोड असलेला. त्यात रात्रीच्या रकान्यात किती नावं आहेत आणि तीच नावं सलग दिवस-रात्र दिसतात का ते पाहा. सिस्टर जीएनएम (नर्सिंगची पदविका) आहे की एएनएम (त्याहून छोटा, सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम), नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का, ते विचारा. अंथरुणावरच्या एखाद्या रहिवाशाच्या टाचा, त्यांच्या परवानगीने, पाहा : टाचा गादीला टेकलेल्या आहेत की पोटरीखाली उशी देऊन अधांतरी ठेवल्या आहेत? नाकातल्या नळीने अन्न देतात तेव्हा डोक्याकडची बाजू उचललेली असते का? आणि एखाद्या मावशीला सहज विचारा, “किती वर्षं आहात इथे?” सगळ्यांची उत्तरं महिन्यांत आली तर कॅमेरे कितीही असोत, दुसरं केंद्र बघा.

प्रश्न : कर्मचारी घटना लपवतात. पडणं, चुकलेली गोळी, भाजणं, सगळं दोन दिवसांनी नातेवाइकांकडून कळतं. दंड वाढवला तरी फरक नाही.
— संचालिका, पुणे

उत्तर : दंड वाढवला म्हणूनच फरक नाही, उलट लपवणं वाढलं असेल. पडल्याची नोंद केली की दोनशे रुपये कापले जाणार असतील तर शहाणी बाई नोंद करत नाही. दंड बंद केल्याचं लेखी सांगा. फक्त एक अपवाद ठेवा : घडलेलं लपवणं. नोंदवहीत ‘कुणामुळे’ हा रकाना काढा आणि वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, पाळीवर किती माणसं होती, हे चार रकाने ठेवा. महिनाअखेरीस त्या वहीतून तुम्हालाच दिसेल की अर्ध्या घटना पाळी बदलण्याच्या आसपास, सगळे टेबलापाशी जमलेले असताना होतात.

त्यावर उपाय म्हणजे १५ मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र हव्यात, त्या वेळेचा पगार द्यायला हवा आणि माहिती टेबलावर न देता पलंगापाशी उभं राहून द्यायला हवी. कोण जेवलं नाही, कुणाला तीन दिवस शौच नाही, कुणाची लघवी कमी झाली, कातडीवर नवा लाल डाग, बदललेली गोळी. एवढं झालं तरी पुष्कळ. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर ती बेडसोअरची सुरुवात आहे. त्यावर पावडर चोळायची नाही, स्पिरिटने मालिश करायची नाही, फक्त त्या जागेवरचा भार काढायचा.

भाजण्याचं कारण बहुतेक ठिकाणी बादली असते. गिझरमधून कडकडीत पाणी आधी, गार नंतर, आणि मधल्या वेळात माणसाचा पाय आत. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून पाहिल्याशिवाय अंगावर तांब्या नाही. जमल्यास गिझरच्या पुढे पाणी मिसळणारा झडप-नळ ४३ अंशांवर बसवून घ्या.

आकडाही ठेवा : महिन्यातल्या पडण्याच्या घटना भागिले रहिवासी-दिवस, गुणिले हजार. ३० जण, ३० दिवस म्हणजे ९०० दिवस. चार घटना असतील तर ४.४. दोन-तीन महिने शून्य आलं तर पेढे वाटू नका, वही कोण लिहितं ते बघा. आणि रात्री तीनला महिन्यातून एकदा स्वतः जा. झोपलेलं कोणी सापडलं तर आधी तिचं पाळीपत्रक काढून बघा. कालची दिवसपाळीही तिनेच केली असेल तर पाळीपत्रक लावणाऱ्यालाच जाब विचारा.

प्रश्न : शेजारच्या केंद्रात आजींचे हात बांधून ठेवतात. कुणाला कळवायचं?
— कोल्हापूर

उत्तर : ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, मोफत. तातडीचा धोका असेल तर ११२. लेखी तक्रार जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे द्या; केंद्रात सलाइन, नळीने अन्न, ऑक्सिजन असे उपचार होत असतील तर महापालिकेच्या आरोग्य विभागालाही प्रत द्या, कारण मग नर्सिंग होम म्हणून नोंदणी आहे का, हा प्रश्न येतो. तक्रारीत तारीख, वेळ, खोली आणि बांधायला काय वापरलं ते लिहा. आजींचा फोटो काढून गटांवर फिरवू नका. बांधण्यामागे बहुधा नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) उपसण्याची भीती असते. हातात मऊ मोजे घालणं, नळी कपड्याखालून नेणं आणि मुळात ती अजून लागते का हे डॉक्टरांना विचारणं, एवढ्याने बऱ्याचदा दोरी सुटते.